लोसालिनीच्या नाळेवरची जास्वंद

सोमवार, ४ नोव्हेंबर
जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळतायत. पानं पिवळी. सकाळीच झाडून लांब फेकली, सुनेला दिसायला नकोत. मिलिकाची नजर म्हणजे कोंबडीची!

मंगळवार
दिसलंच. मिलिका लेकीसारखं मलाही बुबू, म्हणजे आजीच म्हणते. "बुबू, लोसालिनीचं झाड वाळतंय! माझ्या पोरीला तिकडे काहीतरी झालंय!"
म्हटलं, काही झालं नाही. तिकडे राजधानीत, सुवाला नर्सिंग शिकतेय, पुढच्या मंगळवारी शेवटची परीक्षा आहे. तुझा नवरा जाळं धुऊन खारं पाणी मुळाशी ओततो, त्याला विचार.
एपेली म्हणतो, "आई, एकदाच ओतलं." एकदाच! माझाच मुलगा, पण खोटं बोलायचाही आळस.
मिलिका कुठली ऐकते! ज्या झाडाखाली पोरीची नाळ पुरली, त्या झाडात पोरीचा जीव. सगळं गाव मानतं. तिला मीच शिकवलं.

बुधवार
गोड्या पाण्याच्या सहा बादल्या ओतल्या. कंबर गेली. झाड तसंच.

गुरुवार
शेजारची तारुसिला कुंपणावरून — "माझ्या पोरांची झाडं बघ कशी टवटवीत!" तुझी पोरं घरातच लोळतात बाई, झाडांना काय होणार? तोंडावर बोलले. बरं वाटलं.
मिलिका सुवाला फोन करायचं म्हणते. फोन पिठाच्या डब्यात लपवला. कळलं तर लोसा धावत येईल. परीक्षा बुडाली की वर्ष बुडालं.

शुक्रवार
मिलिकाने तारुसिलाच्या फोनवरून केलाच! "झाड मरतंय. ये."

शनिवार
लोसा बोटीने आली. घरात पाऊल टाकायच्या आधी झाडापाशी गेली. "तरीच बुबू, मला महिनाभर झोप नाही. छातीत धडधडतं."
"परीक्षेचं धडधडतं, गाढवे."
"नाही. झाडाला आधी कळलं."
परत जाणार नाही म्हणते. तिच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नाही. उकडलेले कसाव्याचे कंद दोनदा मागून खाल्ले.

रविवार
चर्चमध्ये पाद्र्याने झाडासाठी प्रार्थना केली. सगळे आमेन म्हणाले. माझ्या तोंडून निघेना.
उद्या पहाटे बोट सुटते. ती चुकली की परीक्षा गेली.

रविवार, जेवणं झाल्यावर
जास्वंदीखालच्या खड्ड्यात लोसाची नाळ नाहीच. वाळत ठेवली होती, उंदराने नेली. बाळंतीण मिलिकाला काय सांगायचं म्हणून मी नुसती फांदी खोचली, वर माती लोटली. बावीस वर्षं गप्प बसले.
हेच सांगायला आत्ता मायलेकींना हाक मारली. येतायत.