डॅन्यूबवरचे आठ दिवस

१२ ऑगस्ट, मंगळवार. बुरैदा, सौदी अरेबिया

ऑक्टोबरातली युरोपची सहल बोटीने की ट्रेनने? आजही ठरलं नाही! यांना बोट हवी. डॅन्यूब नदी, आठ दिवस, एक केबिन. "बॅग एकदाच उघडायची, एकदाच भरायची." मी म्हटलं, ट्रेन. आपलं आपण फिरू, रोज नवं गाव. "या वयात जिने, सामान, गाड्या बदलणं?" हो, या वयातच!

खरं कारण सांगितलं नाही.

१४ ऑगस्ट

इथे लिहिते. मला त्या केबिनची भीती वाटते.

बावीस वर्षं मी इथे हॉस्पिटलात नर्स, हे तासगावला शाळेत भूगोल शिकवत. दरवर्षी दीड महिना सुट्टी — त्यातच लग्नं, बारशी, दातांचा डॉक्टर. आता रिटायर होऊन व्हिजिट व्हिसावर आलेत, तर माझ्या क्वार्टरमध्ये पाहुण्यासारखे वागतात. "हा टॉवेल घेऊ का?" माझ्या नवऱ्याने मला विचारायचं! मी ड्यूटीला निघाले की बरं वाटतं. बहुतेक दोघांनाही.

ट्रेनमध्ये निदान प्लॅटफॉर्म शोधायचा असतो. बोलायला विषय मिळतो. बोटीत काय?

१५ ऑगस्ट

ऋग्वेदचा पुण्याहून फोन. "मम्मी, क्रूझ घ्या ना, सिंपल!" त्याआधी "बाबा कसे आहेत?" तेच आधी विचारतो. बरोबरच आहे. मी आले तेव्हा तीन वर्षांचा होता. डबे, ताप, दहावी — सगळं यांनीच केलं.

१९ ऑगस्ट

पहाटे यांना खजुराच्या बाजारात नेलं. गाड्याच गाड्या, लिलावाचा आरडाओरडा. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने यांच्या हातावर खजूर ठेवला. लहान मुलासारखे खूश!

परतताना टॅक्सीत गप्प. मीही गप्प. पंधरा मिनिटांचा रस्ता संपेना. शेवटी बोलून टाकलं — "मला बोट नको, कारण आपल्याला बोलायला काही उरलेलं नाही." ड्रायव्हर पाकिस्तानी, त्याला मराठी काय कळणार.

हे खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "म्हणून तर बोट म्हटलं. ट्रेनमध्ये तू परत कामाला लागशील. तिकिटं, वेळा, बॅगा. बोटीत कुठे जाशील?"

यांच्या हाताला खजुराचा चिकटा होता, तो पुसायला रुमाल दिला.

२० ऑगस्ट

बोट. ठरलं.

२६ ऑगस्ट

युरोपचा व्हिसा नाकारला. माझा. यांचा भारतातूनच झालाय. माझ्या इकाम्याची, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याची, मुदत नोव्हेंबरपर्यंतच, ती परत आल्यावर निदान तीन महिने तरी हवी.

चूक माझीच. हॉस्पिटलच्या नव्या कराराचा कागद जूनपासून माझ्या कपाटात पडून आहे. सही केली असती तर इकामाही वाढला असता. का नाही केली? माहीत नाही. ऑफिसातला माणूस म्हणाला, "सिस्टर, साइन करो, दो साल, खलास." आता केली तरी ऑक्टोबरच्या बोटीला उपयोग नाही.

घरी येऊन सांगितलं. वाटलं, म्हणतील — राहू दे, पुढच्या वर्षी जाऊ. म्हणाले, "मग मी जाऊन येतो. ट्रेनने. एकट्याला बोट कशाला?" माझा चेहरा बघून पुढे म्हणाले, "मला एकट्याची सवय आहे गं."

राग नाही. टोमणासुद्धा नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२८ ऑगस्ट

हे जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसलेत. बुडापेस्ट, व्हिएन्ना, साल्झबुर्ग — गाड्यांच्या वेळा वहीत उतरवतायत. अधूनमधून शीळ घालतात! आल्यापासून पहिल्यांदा. मी दुधी चिरत ऐकत होते.

माझ्यावाचून हा माणूस आनंदात राहू शकतो. राहिलाच की इतकी वर्षं. मीच तिकडे सगळं माझ्यावाचून अडलंय असं समजत आले.

२९ ऑगस्ट

दिवसभर झोपून. डोकं दुखतंय म्हटलं. यांनी चहा करून उशाशी ठेवला, दार ओढून घेतलं.

३१ ऑगस्ट, रविवार

कराराचा कागद सही न करताच परत केला. फायनल एक्झिटचा अर्ज दिला. आता कायमची घरी.

यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना मी नको असेन तर?