कुंताच्या विश्रांतीचे टाइमटेबल

२ जुलै १९८४, सोमवार
कुंता पुन्हा बाहेर बसली. पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा! त्याआधी अडीच महिने पत्ता नव्हता. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईच्या कारभाराला काही शिस्त? वर रात्री घामाघूम होऊन उठते, झोप येत नाही म्हणते. चार दिवस भात मी शिजवायचा. एकोडीच्या शाळेत हेडमास्तर, घरी आचारी.

७ जुलै
साकोलीला लेडी डॉक्टरकडे नेले. "काही झालेले नाही" एवढेच तिच्या तोंडून ऐकायचे होते. बाई तरुण, पुस्तकी. कुंताला विचारले, किती वाजता उठता? चार. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे कोण करते? मीच. किती वर्षे? अकरा. मग मला लेक्चर: या वयात हार्मोन्स आधीच खालीवर होतात, त्यात वर्षानुवर्षांचा ताण, पाळी बिघडणार, झोप उडणार. ताण! पाच वर्ग आणि दोन मास्तर कोण सांभाळतो? माझे हार्मोन्स कुणी विचारले नाहीत. उपाय काय, तर लोहाच्या गोळ्या आणि महिनाभर विश्रांती.

८ जुलै, रविवार
विश्रांतीलाही शिस्त लागते. ड्रॉइंग शीटवर टाइमटेबल केले. ४.०० उठणे. ४.१० आईचे करणे. २.१० ते २.३० विश्रांती (सक्तीची). ९.४५ ताण सोडणे. चुलीजवळ चिकटवले. आठवड्यात गुण येईल.

११ जुलै
२.१० ला तपासणी केली. तांदूळ निवडत होती! जाब विचारला, तर म्हणाली, मंग तुमच्या शाळेच्या पाहुण्यायले कोण रांधून घालन? पाहुणे फक्त तीन होते.

३० जुलै
बाहेर बसली. नेमके अठ्ठावीस दिवसांनी. टाइमटेबलचा विजय. डॉक्टरीणबाईंना कळवणार.

३ ऑगस्ट
पाचवा दिवस. आत आली नाही. थांबलं नाही म्हणाली. शेतात धानाची रोवणी जोरात, आणि हिला हाच मुहूर्त सापडला.

९ ऑगस्ट
अजून बाहेरच. ना चुलीला हात, ना पाण्याला, ना आईला. पहाटे चारला आईचे, मग पाणी, मग रोवणीच्या बारा बायांचा भात, मग शाळा. कुंता दारापुढच्या सपरीत घोरते. इतके अंगावर जाणारी बाई घोरेल? मुळात दुखणे खरे नव्हतेच.

१३ ऑगस्ट
झोप नाही. बनियन घामाने चिंब. एका पोराला विनाकारण झोडपले. हवा दमट आहे.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाला भाषण मध्येच विसरलो. मी भावनावश झालो असे लोक समजले असतील.

१६ ऑगस्ट
हद्द झाली. छकडा बोलावला, साकोलीला चल म्हणालो. कुंता पडल्या पडल्याच म्हणाली, कायले? चवथ्या दिवशीच थांबलं. मग बाहेर का? म्हणाली, झोप येऊन राहिली.

ऊठ, असा हुकूम सोडला. तर आतून आई बोलली. जन्मभर विटाळ उंबऱ्याच्या आत येऊ न देणारी माझी आई! म्हणाली, बसू दे तिले, मीच सांगतलं. तुह्या बापानं मले पाचवा दिवस कधी देल्ला नाही.

आणखी किती दिवस, असे विचारले. कुंता म्हणाली, डॉक्टरीणबाईनं महिना सांगतला, आज अठरावा.

छकडा परत पाठवला. आईला चांगले खडसावणार होतो, पण तेवढ्यात भात उतू गेला.