मान उजवीकडे वळत नाही

१८ ऑगस्ट, सोमवार
मान धरली. उजवीकडे अजिबात वळत नाही. कोणीतरी उशी बदलली असणार. कोकिळा म्हणते, लग्नातलीच उशी आहे. बायकोवर संशय घेणाऱ्यातला मी नाही. तरी उशी उसवून पाहिली. तीच आहे.

दुकानात नवल म्हणाला, "शेठ, दिनभर तुम्ही महावीरशेठना दुकानकडे देखी ऱ्हायनात. मान धरी नई ते काय व्हई?" नोकर फार बोलायला लागलाय. मी रस्ता बघतो. महावीरचं दुकान रस्त्यात येतं, त्याला मी काय करू?

लिहून ठेवतो, उद्या कोणी इतिहास बदलेल. महावीर माझा धाकटा भाऊ. वडिलांच्या कापड दुकानाची वाटणी झाली, मधे भिंत आली, डावीकडचं अर्धं त्याला, पुढचा ओटा मोकळा, आणि याने आपल्या अर्ध्यावर 'जुनं दुकान' अशी पाटी लावली. मग माझं काय कालचं? तीन वर्षं बोलणं बंद.

संकल्प : उद्यापासून डावीकडे बघणं बंद.

१९ ऑगस्ट, मंगळवार
नाही बघितलं. अकरा वाजेपर्यंत. मग त्याच्याकडे तळोद्याचं गिऱ्हाईक उतरलं, जीप भरून. जरा अंदाज घेतला. त्याला बघणं म्हणत नाहीत.

एक गोष्ट लक्षात आली. मी कधीही बघावं, तो माझ्याच दुकानाकडे बघत असतो. पाळत ठेवतो मेला.

२१ ऑगस्ट, गुरुवार
एसटी स्टँडमागच्या नव्या फिजिओथेरपीवाल्या डॉ. चारुलतांकडे गेलो. त्यांनी डोळ्यांवर एक काळा डबा बांधला. व्हीआर हेडसेट म्हणे. आत तोरणमाळसारखं जंगल, कानात हेडफोन, त्यात धबधबा. एक पोपट उडतो, आपण मान वळवून त्याच्यामागे जायचं. मान किती वळली ते कॉम्प्युटर मोजतो.

मला पहिल्यापासून शंका. डबा लावला की आपण आंधळे, आणि तो आपल्याला बघणार. पाकीट मुठीत धरून बसलो.

रिपोर्ट : उजवीकडे तीस अंश, डावीकडे ऐंशी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, डावीकडे तर तरुण पोरासारखी वळते. डावीकडे असतं तरी काय?" मी म्हणालो, भिंत. कोकिळा म्हणाली, दीर.

पुढच्या वेळी हिला न्यायचं नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार
डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून दुकानातली गादी फिरवली. आता महावीरचं दुकान पाठीमागे. सुटलो! मन एकदम शांत.

दुपारी समोर मोठा आरसा लावून घेतला. गिऱ्हाइकांना साडी खांद्यावर टाकून बघायला लागतो. त्यात महावीरचं दुकान दिसतं, हा योगायोग.

२५ ऑगस्ट, सोमवार
कट उघडकीला आला. डॉक्टरीणबाई सहज बोलून गेल्या की, तुमच्याच गल्लीतले एक काका येतात, आत्ता पलीकडच्या खोलीत आहेत, त्यांचं तुमच्या उलटं, मान डावीकडे वळत नाही. मी बाहेर येऊन चपला बघितल्या. डाव्या पायाची टाच झिजलेली. महावीरचीच. लहानपणापासून पाय घासत चालतो.

आजारसुद्धा माझाच उचलला! फक्त बाजू बदलली, म्हणजे कोणाला संशय नको.

२७ ऑगस्ट, बुधवार. संवत्सरी
उपवास. उद्या सगळे एकमेकांकडे जाऊन 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतील, वर्षभराच्या चुकांची माफी मागतील. धाकट्याने आधी यायचं. कोकिळा म्हणते, तुम्ही थोरले, तुम्हीच मन मोठं करा. मन मोठंच आहे. म्हणून तर गेल्या वर्षी संध्याकाळपर्यंत दार उघडं ठेवलं होतं. म्हणजे वाऱ्यासाठी. तो आला नाही. फार वाईट वाटलं. वारासुद्धा नव्हता.

आज जैन स्थानकात प्रतिक्रमणाच्या पाठाला तो नेमका माझ्या उजव्या हाताला येऊन बसला. माझी मान तिकडे वळत नाही, हे त्याला कळलेलं दिसतं. नवलने बघून सांगितलं, त्यानेही एकदासुद्धा माझ्याकडे मान वळवली नाही. केवढी ही घमेंड!

संकल्प : उद्या त्याने नुसतं 'मि' म्हटलं तरी पुरे. पुढचं मी म्हणेन.

२८ ऑगस्ट, गुरुवार
सकाळपासून दार उघडं. अख्खी गल्ली येऊन गेली. तो नाही.

चार वाजता दवाखान्यात गेलो. डावीकडच्या खुर्चीत महावीर! आधीच डबा, हेडफोन लावून बसलेला. परत फिरणार होतो, पण डॉक्टरीणबाईंनी धरून बसवलं आणि मलाही डबा लावला. पोपट सुरू, धबधबा सुरू.

काय झालं कळत नाही. समोर कोणाचं तोंड नव्हतं म्हणून असेल. मी मोठ्याने म्हटलं, "महावीर, मिच्छामि दुक्कडम्." दोनदा म्हटलं. पोपट धूसर दिसायला लागला, अंश चुकले असणार.

मग डबा कपाळावर सरकवून डावीकडे पाहिलं. महावीर तसाच, डोळ्यांवर डबा. हात जोडलेले, ओठ हलत होते. माझ्या कानात धबधबा, काही ऐकू येईना. मी डबा परत खाली घेतला. काढला तेव्हा तो निघून गेला होता.

घरी आल्या आल्या कोकिळाने विचारलं, बोललात का? म्हटलं, मी बोललो, त्याचंच लक्ष खेळात होतं.

सोमवारी डॉक्टरीणबाईंना स्पष्ट विचारणार आहे. हात जोडून खेळायचा खेळ त्यालाच का? मला नुसता पोपट.