हिरव्या पाकिटाचा पहारा

सोमवार, १३ ऑक्टोबर
नव्या कर्नलने, म्हणजे लॅपटॉप चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्याने, घात केला. लॅपटॉप झोपेतून उठला की टचपॅड मेला. लियाव साहेबांना सोप्या भाषेत समजावलं: बोट लागलं की टचपॅड प्रोसेसरचं दार ठोठावतो. तोच इंटरप्ट. पूर्वी एकदा ठोठावून गप्प बसायचा, आता ठोठावतच सुटतो. शेवटी कर्नल वैतागून दार कायमचं लावून घेतो. साहेब म्हणाले, शुक्रवारी माल युरोपला निघायचाय, कोण घेतंय अंगावर? सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी स्वतःहून पुढे आलो. (माझी मान लचकली आहे, हा योगायोग.)

संध्याकाळ
झालं. दोन ओळी. उठल्यावर आधी जुनी थाप निकालात काढायची, मग दार उघडायचं. माझ्या मशीनवर चालतंय, पेइ-शानच्याही. पोरीला वर्षही झालं नाही लागून, पण टेस्टिंग बरं करते. घाबरण्यासारखं काही नव्हतंच. तीनदा तपासलं ते सवयीने.

आईला फोन केला. म्हटलं, आता तुझ्या मुलाचं नाव कर्नलमध्ये येणार. ती म्हणाली, मी दर रविवारी इंटरनेटवर तुझं नाव शोधते. मावशीचा मुलगा सापडतो, तू नाही सापडत.

निघताना माझ्या टेस्ट मशीनवर हिरवं पाकीट ठेवलं. नारळाच्या चवीचे मक्याचे पफ. आमच्या शिंचू शहरात प्रत्येक सर्व्हरवर असतं, त्याने यंत्र शहाण्यासारखं वागतं. हिरवंच हवं, तारीख उलटलेली नको, आणि आतलं कोणी खायचं नाही.

मंगळवार
पुन्हा तेच. ठोठावणं अधूनमधून सुरूच. पेइ-शानचं मशीन ठणठणीत. म्हणाली, दादा, तुमचा फिक्स बरोबर आहे, तुमच्या मशीनचंच काहीतरी वेगळं आहे. अनुभव कमी. बग तिच्याकडे दबा धरून बसलाय, एवढंच.

पाकिटाची तारीख पाहिली. मार्चपर्यंत चांगलं आहे. तरी जोडीला आणखी एक ठेवलं.

ठराव: ओस्टरलुंडला मेल करायची नाही. कर्नलचा हा भाग तो गोथेनबर्गमध्ये बसून राखतो. मागे आमच्या एकाला त्याने विचारलं होतं, हे तपासलंत कुठे, स्वप्नात? जगभरचे कर्नलवाले वाचतात त्या सगळ्या मेलिंग लिस्टसमोर. ते तिथे कायमचं राहिलं. तो माणूस हल्ली सासऱ्यांच्या बागेत फळं वाळवतो.

बुधवार
दोन ओळींची दोन पानं झाली. थोडं थांबून दार उघडायचं, आणखी थांबून उघडायचं, न बघताच उघडायचं. सगळं करून पाहिलं. काल दिवसभर अधूनमधून ठोठावत होता, आज ठोठावताना मध्ये श्वासही घेत नाही. आता चार पाकिटं आहेत, एक बरोब्बर टचपॅडवर. दुखतं तिथेच मलम लावायचं.

साहेब येऊन उभे राहिले. म्हणाले, अहो, सोमवारी झालं होतं ना? मी म्हणालो, वरवर झालं होतं साहेब. भीती वगैरे नाही. जेवण जात नाही, एवढंच.

गुरुवार
घाबरलोय. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय. उद्या माल अडला तर साहेब मला कुठे फेकतील कोण जाणे.

मेल केली. ओस्टरलुंडला आणि सगळ्या लिस्टला. ठणकावून लिहिलं की तुमच्या कर्नलचा पायाच कच्चा आहे. पाठवलं आणि जिन्यात जाऊन बसलो.

दुपारी उत्तर आलं. तुमच्या पहिल्या दोन ओळी अगदी बरोबर आहेत, माझ्याकडे सगळीकडे चालतात. बाकीचं कशासाठी, कळलं नाही. मशीनचा फोटो पाठवाल का? इतकं सभ्य लिहिलंय म्हणजे भयंकर संतापलाय.

फोटोआधी टेबल पुसलं. पाकिटं सरळ लावली, तोंडं कॅमेऱ्याकडे. आपल्याकडे शिस्त आहे हे जगाला दिसू दे.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर
ओस्टरलुंडने लिस्टवर विचारलं: टचपॅडवर हे हिरवं काय आहे?

मी जिन्यात होतो. उत्तर पेइ-शानने दिलं. यंत्राने नीट वागावं म्हणून ठेवतात, पण पाकिटाला आतून चांदीसारखा कागद असतो, टचपॅडला ते बोटच वाटत असणार.

येऊन पाकिटं उचलली. टचपॅड गप्प. पेइ-शान शेजारीच उभी होती. हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

माल वेळेवर निघाला, सोमवारच्याच दोन ओळी घेऊन. साहेब जाताना पाकिटं तेवढी स्वतःच्या केबिनमध्ये घेऊन गेले.

त्या दोन ओळी ओस्टरलुंडने कर्नलमध्ये घेतल्या. माझ्या नावाने. आता जगातल्या प्रत्येक प्रतीत माझं नाव राहणार, कोणाला पुसता येणार नाही. नावाखाली त्याने स्वतःची एक ओळ जोडली आहे: खाऊ बाजूला काढून तपासलं.

परवा रविवार. इंग्रजीचं भाषांतर करायचं बटण आईला मीच शिकवलंय.