स्वयंपाकघर वॉर्ड आठमध्ये

४ जून, मंगळवार
नगरपालिकेचा मोजणीवाला आला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर लाल पट्टा मारून गेला! म्हणे बाहेरची खोली वॉर्ड सातमध्येच, स्वयंपाकघर मात्र यापुढे आठमध्ये. मी विचारलं, घर कशाला कापता? "प्रत्येक वॉर्डात सारखी माणसं लागतात, ताई. आठमध्ये चार कमी पडत होती." वर चहाही पिऊन गेला.
ह्यांचं आपलं चालूच — "आता चहाला परवानगी काढावी लागणार." मी हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

७ जून
माणसं मोजायला दोघे आले. आठवाला मागच्या दारानं. सासूबाई भाजी निवडत होत्या, त्यांनी सांगितलं — चार. मी बाहेरून ओरडले, "अहो, आम्ही सातमध्ये आहोत!" त्यानं मान वर केली नाही. सातवाला पुढच्या दारानं आला. त्याला मी सांगितलं — चार; आम्ही दोघं, सासूबाई, पोरगी.
एका घरात आठ माणसं. आधी हसू आलं. मग नाही आलं.

११ जून
सासूबाईंनी अंथरूण स्वयंपाकघरात नेलं. भांडण नाही, तंटा नाही. "बाहेर परकं वाटतं गं," एवढंच. लग्न होऊन आल्यापासून याच खोलीत झोपल्या त्या!

१४ जून
हे हल्ली मागच्या दारानं ये-जा करतात. आज मी ताट वाढायला उठले तर म्हणाले, "जेवलो की. तूच नाही का वाढलंस?"
दुपारपासून मी आत पाऊल टाकलं नव्हतं. ह्यांची थट्टा मला कळते, डोळे आधी हसतात. आज हसले नाहीत. आत जाऊन पाहिलं. शेगडी गरम, सासूबाई गाढ झोपलेल्या, बाकी कोणी नाही.

१५ जून
दोन्ही वॉर्डांची कार्यालयं पालथी घातली. सातवाला म्हणतो आठमध्ये विचारा, आठवाला म्हणतो, "तुम्ही सातच्या, बाई. आमच्याकडे काय काम?" नुसती टोलवाटोलवी. म्हटलं, निदान ती रेघ तरी पुसा. तो समजुतीनं म्हणाला, "कशाला? आता आमची माणसं भरत आली आहेत."
भरत आली आहेत म्हणजे काय?

१६ जून
हे काल रात्री बाहेर झोपायला आलेच नाहीत. मी हाक मारली, आतून गप्पांचा आवाज येत राहिला.
मला भीती वाटते आहे. पोरीला जवळून हलू देत नाही. तिचं दप्तर, बाहुली, पाण्याची बाटली, सगळं बाहेर आणलं. "आजीकडे जाऊ?" म्हणून सारखी विचारते. नाही म्हणजे नाही. बाकीचे गेले तर जावोत, पोर मी देणार नाही.

१८ जून
कपडे वाळत घालून आले तर पोरगी खोलीत नव्हती. स्वयंपाकघरातून तिची हाक आली — "आई!" मी ओ द्यायला तोंड उघडलं. त्याआधीच आतून, माझ्याच आवाजात, ओ आली.