कुसाबाईच्या गाठीतले दात

आदरणीय पुंजारामदादा यांस नाशिक रोडहून रंगनाथचा नमस्कार. तुमच्या बहिणीचं ऑपरेशन होऊन वीस दिवस झाले आणि मी आज लिहितोय, रागवू नका. तीन कागद लिहून फाडले. तुमचा दमा कसा आहे? कुसाबाई हिंडतेफिरते, काल तिने माझ्या चहाला नावं ठेवली.

पोट दुखतं म्हणून दाखवलं, तर अंडाशयाची गाठ निघाली, मोसंबीएवढी. डॉक्टरांनी ती काढून, औषधाच्या पाण्यात बुडवून, बरणी माझ्याच हातात दिली. लॅबमध्ये पोचवा म्हणाले. (हे काम नातेवाइकाचं असतं, हे मला सत्तर वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.) रिक्षात शेजारची बाई विचारत होती, लोणचं कुठून आणलं. मी घरचंच म्हणालो.

चार दिवसांनी लॅबच्या अदिबा मॅडमनी बोलावलं. गाठ कापली तर आत केस, लांब आणि काळे, शिवाय दोन दात. दादा, मला ते पटेचना. म्हटलं, मॅडम, बरणी बदलली. आमच्या कुसाबाईचे सगळे दात गेल्या दिवाळीला काढले, केस पांढरे झाले त्याला तर जमाना झाला. त्या म्हणाल्या, काका, अशी गाठ असते, आतल्या पेशी काहीही बनवतात, बहुतेक वेळा त्यात भिण्यासारखं नसतं. मग माझ्या डोक्यात आलं, कधीच कात्री न लागलेले केस म्हणजे जावळच की. गोदावरीत सोडायला द्या म्हणून मी पाऊण तास अडून बसलो. (तुम्हीही बसला असतात.) शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "काका, जावळाचं राहू द्या. गाठीचा एक कोपरा मला वेगळा वाटतोय. कॅन्सर नाही ना, ते परत बघते."

मी घरी आलो. कुसाबाईला सांगितलं, नुसती चरबी होती.

आपला,
रंगनाथ

ता. क. तिला नर्सने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एक्स-रेत गाठीत दात दिसतायत म्हणून. म्हणते, कवळी कशाला बसवलीत, घरचे दोन पोटात होते.

आणखी ता. क. खरं तर पत्र यासाठीच. शेवटचा रिपोर्ट गुरुवारी आला. मॅडम सांगायला लागल्या तसा मी पाकीट घेऊन बाहेर पडलो. ते सोबत जोडलंय, उघडलेलं नाही. तुम्ही बत्तीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होता, तुम्हीच वाचा. चांगलं असेल तर फोन करा, वाईट असेल तर स्वतः या. आणि चांगलं असलं तर बहिणीला भेटायला म्हणून हौसेने येऊ नका, दारात तुम्हाला बघून मी तिथेच आडवा होईन. फोनच करा, दादा. पाकीट फोडल्या फोडल्या करा.