पोचल्याचा फोन

आये, बस जरा. आज तुझ्याशी बोलल्याशिवाय भागणार नाही.

सायली सकाळच्या एसटीने पुण्याला गेली, नोकरीच्या मुलाखतीला. निघताना तुझी नात म्हणाली, "बाबा, पोचल्यावर मी फोन करणार नाहीये. संध्याकाळी मोकळी झाले की करीन. मॅडमनी सांगितलंय ना तुम्हाला?" सांगितलंय. म्हणून तर हे पत्र! हात रिकामा राहिला तर फोन लावेल, त्यापेक्षा पेनात अडकलेला बरा. तुला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे. तिकडे कोणाकडून तरी वाचून घे.

मॅडम म्हणजे माझ्या समुपदेशक. खारघरला बसतात. हो, मी तसल्या ठिकाणी जातो. दचकू नकोस.

मागच्या वर्षी पनवेलात माझा विनोदी कार्यक्रम होता. सभागृह हसत होतं आणि एकाएकी माझा श्वासच अडकला. छातीत धडधड, हातपाय गार. वाटलं, संपलो. खुर्ची धरून खाली बसलो, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, नक्कल करतोय. खरंच मेलो असतो तर वन्स मोअर मिळाला असता.

ईसीजी स्वच्छ निघाला. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." जसं काही मी ते बाजारातून पिशवी भरून आणलं होतं! पण पुन्हा पुन्हा तेच व्हायला लागलं, तेव्हा खारघरचा पत्ताही त्यांनीच दिला.

तुझ्या धाकट्या दिराला, वसंतकाकाला, हे कळलं. घरी आला, बशीत चहा ओतला आणि म्हणाला, "तुला काय कमी हाय रं? गाडी हाय, फ्लॅट हाय. घरान येडेपना हाय असं गावात झालं तं पोरीला कोन करील?"

म्हटलं, "काका, कोणी आलाच तर त्यालाही मॅडमकडे पाठवू. दोघांचं एकदमच होईल."

चहा बशीतच टाकून गेला. तुझा दीर, तूच समजूत काढ.

मॅडम पाचव्या मजल्यावर. मी पहिल्या दिवशी जिन्याने गेलो, धापा टाकत. "लिफ्ट चालू आहे," त्या म्हणाल्या. मी लिफ्टवर दोन विनोद केले. त्या हसल्या नाहीत. "विनोद छान आहेत. आता छातीत काय होतं, ते सांगा." आयुष्यात पहिल्यांदा असा श्रोता मिळाला, आणि पळून जावंसं वाटलं.

सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला असा त्रास होता?"

"कोणालाच नाही. आई फक्त काळजी करायची."

"किती?"

किती! मी सांगायला लागलो. कोणीही उंबरा ओलांडला की पोचल्यावर फोन करायचा. बाबा मासळीबाजारात गेले तरी फोन, ताई गव्हाणला सासरी गेली तरी फोन. उशीर झाला की तू दारात उभी. हात गार, ओठ कोरडे. मुठीत मीठ-मिरच्या घेऊन, समोर नसलेल्या माणसाची दृष्ट काढायचीस. आणि फोन आला की जागच्या जागी मटकन बसायचीस. पाहुणे म्हणायचे, आईची माया! आम्हीही तेच म्हणायचो.

सांगता सांगता मी माझ्याच हातांकडे पाहिलं. तुझे हात सांगत होतो आणि माझे गार पडले होते. माया कसली, आये? तू घाबरलेली होतीस. जन्मभर, एकटी.

गावातलं घर सोडून आपण सुकापूरला सातव्या मजल्यावर आलो. पहिल्याच दिवशी लिफ्टचं दार मिटताना बघून तू मागे फिरलीस. जिना गुडघ्यांना झेपेना. "उद्या जाईन खाली." तो उद्या आलाच नाही. पोटात गाठ लागली तेव्हाही, "उद्या जाऊ रं बाला." शेवटी डॉक्टरला घरी आणलं, तोवर गाठीने पोट व्यापलं होतं. गुडघ्यांसाठी, डोळ्यांसाठी आम्ही तुला कुठेही नेलं असतं. पण भीतीसाठी कुठे न्यायचं, हे कोणाला सुचलं? आणि तू तरी का नाही बोललीस गं? एकदा तरी म्हणायचंस, मला लिफ्टचं भ्या वाटतं.

तिरडी लिफ्टमध्ये मावली नाही. सातही मजले जिन्यानेच उतरलीस. हट्ट पुरा केलास!

मॅडम म्हणतात, भीती चढते, तशी आपोआप उतरतेही. तिला तेवढा वेळ द्यायचा. फोन लावला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी ती दुप्पट भूक घेऊन येते. तुला हे पटलं असतं. लहानपणी मिठागरावर राबलीस तू. खाडीची भरती हाताने मागे ढकलताना कोणाला पाहिलंस कधी?

आत्ता चढली आहे, आये. एसटी घाटात असेल. मी एक ट्रक उलटवलाय, एक दरड पाडलीय, पोरीची ओळख पटवायलाही जाऊन आलोय. इथेच, खुर्चीत बसून. अक्षर बघ कसं झालंय. दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला.

आता जरा उतरतेय. जरासंच. बरा झालोय असं समजू नकोस. खारघरला लिफ्टने जातो, पण अजून डोळे मिटून.

पण एक विचारू? सगळ्या घराला पोचल्याचा फोन करायला लावलास आणि स्वतः गेलीस ती गेलीस. पोचलीस का, काही कळवलं नाहीस. टाळ्यांच्या त्या गजरात खुर्ची धरून बसलो होतो ना, तेव्हाही मला तुझाच फोन यायला हवा होता.

आता वाट बघणार नाही. शब्द देतो, संध्याकाळपर्यंत सायलीला फोन लावणार नाही. आणि तुलाही यापुढे विचारणार नाही. पोचली असशील, असं धरून चालेन.

तुझा बाला
(घरीच आहे. दारात उभी राहू नकोस.)